वर्षभराचं सामान

लेकीची परदेशातली पहिलीच नोकरी, तीही बाळ सांभाळायची, म्हणून आईने बॅगेत वर्षभराचं सामान कोंबलं होतं. नोकरी मिळवून देणाऱ्या एजंटबाईने पलंगावर बसकण मारून एकेक वस्तू बाहेर काढायला घेतली. “काकू, एवढा शाम्पू? विमानात दुकान टाकायचंय का हिला?” लेक खुदकन हसली. पावडर गेली, नेलपॉलिश गेलं, लिपस्टिक राहिली. “बाळ केवढं आहे हो?” आईने विचारलं. “अजून व्हायचंय.” “अगंबाई! बाळाआधीच सांभाळणारी हजर?” आईलाही हसू फुटलं. एजंटबाई हसली नाही. तिने पर्समधून गोळ्यांची बाटली काढून लिपस्टिकशेजारी खोचली. “ताकदीच्या आहेत. आजपासूनच घे हं, राणी.” मग तळाशी दडवलेली सॅनिटरी पॅडची पाकिटं उचलून तिने आईच्या मांडीवर ठेवली. “ही राहू देत. हिला वर्षभर लागणार नाहीत.” टॅक्सीचा हॉर्न वाजला. लेकीने बॅगेची चेन ओढली. आईने मध्येच हात घालून ती अडवली.