चंदनाचा हार

“काका, फोटोपुरता हा हार काढतो,” म्हणत दवाखान्यातला साळुंखे स्टुलावर चढला. हिच्या तसबिरीवरचा चंदनाचा हार त्यानं माझ्या हातात दिला आणि मोबाइल पुढं धरला.

मघाशी तो दारात दिसला, तेव्हा वाटलं, उशिरा का होईना, कुणी विचारपूस करायला आलं. सरकारी विम्यातून हिच्या हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. मंजुरी आली, पण दवाखाना आज-उद्या करत राहिला आणि ही तिथल्या खाटेवरच गेली.

“कशाला हवाय फोटो?” मी विचारलं.

“मार्चअखेर आहे ना. सरकारला खर्चाचा हिशेब द्यायचाय. काकूंचं ऑपरेशन झालं असं दाखवून पैसे उचललेत. आता वरून पेशंटचा नंतरचा फोटो मागतात.”

“अरे, ती गेली.”

“ते आपल्याला माहीत. हिशेबात त्या बऱ्या होऊन घरी आल्यात. हार नसला की कुणाला कळतंय?” तो फोटो बघून हसला. “काकू छान आल्यात हो. आता तुमची एक सही द्या.”

मला त्याची किळस आली. स्टुलावरून उतरताना त्याची मान खाली झुकली, तेव्हा मी हार त्याच्याच गळ्यात घातला.

अंगावर पाल पडावी तसा तो ओरडला. हार ओरबाडून काढत म्हणाला, “काका, हे काय? माझी लेकरं लहान आहेत!”

“घाबरतोस कशाला?” मी म्हणालो. “फोटोपुरताच घातला.”