फुलाचं वाक्य

पळसदरीच्या सुंदराने दारात आलेल्या क्लासच्या बाईंना बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि पुन्हा वालाच्या शेंगा निवडायला घेतल्या. शनिवारी धरणावर येणाऱ्या पाहुण्यांनी पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, सांगितली होती. ढिगाच्या पलीकडे तिची मुलगी जागृती मान खाली घालून बसली होती. एरवी रस्त्यातसुद्धा पळत येऊन बोलणारी पोर, आज बाईंकडे बघत नव्हती.

"क्लासला का येत नाहीस गं?" समीक्षाने विचारलं. न येण्याचं कारण तिला माहीत होतं. विचारायचं म्हणून विचारलं.

समीक्षा डोंबिवलीची, लग्न होऊन कर्जतला आलेली. सासरच्या पडवीत ती दहावीचा इंग्रजीचा क्लास घ्यायची. वाक्यातलं कर्म कुठलं आणि पूरक कुठलं, इथे आलं की पोरं गटांगळ्या खायची. म्हणून तिने पुस्तकातले परदेशी टॉम नि मेरी बाजूला ठेवले आणि वर्गातल्याच मुलांना वाक्यांत बसवलं. 'अक्षय इज अ गोलकीपर.' 'जागृती इज क्लेव्हर.' गोलकीपर कोण, तर अक्षयच. हुशार कोण, तर जागृतीच. शब्द कर्त्याबद्दलच सांगत असेल तर तो पूरक, हे पोरांना लगेच उमजलं. मग कर्माची पाळी आली. दिलं, पण काय दिलं? कोणाला दिलं? समीक्षाने हौसेने फळ्यावर लिहिलं, 'अक्षय गेव्ह जागृती अ फ्लॉवर.'

वर्गात खसखस पिकली. बाईंना वाटलं, व्याकरण रंगलं. या बाजूला मुलाचं आणि मुलीचं नाव एका ओळीत येतं ते लग्नपत्रिकेवर, हे त्यांना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी ते वाक्य एसटी स्टँडच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं आणि वर्गात जागृतीची जागा रिकामी होती. बोर्डाची परीक्षा तर तोंडावर आलेली.

"चूक माझी आहे," समीक्षा म्हणाली. "हिला कशाला शिक्षा?"

"ह्यांना इचारा," सुंदरा म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे.

नवरा, म्हणजे नामा, खोपोलीच्या कारखान्यातून पहिली पाळी करून तेवढ्यात आलाच. बाईंना बघून त्याने हात जोडले, डबा आत ठेवला आणि बूट काढायला पायरीवर बसला.

"बाई, कंपनीच्या बसमधी मला इचारतात, सोयरीक कवा ठरली म्हणून," तो म्हणाला. आवाज चढा नव्हता. चढा असता तर समीक्षाला बरं वाटलं असतं. "फळ्यावरचं तुमी पुसलंत. लोकांच्या तोंडातलं कसं पुसनार?"

"पण तिने काय केलं हो? एक शब्द बोलली नाही ती."

"त्ये कळतंय आमाला. पोरगी गुनाची हाय. म्हनून तर घरात ठेवली. नजरंआड झाली की लोकं इसरतात. अभ्यास घरी करंल."

समीक्षाही ढिगातल्या शेंगा उचलून निवडायला लागली. तिला किडकी नि चांगली कळत नव्हती. जागृतीने तिच्या हातातली एक शेंग काढून घेतली आणि किडक्यांत टाकली. तेवढीच तिने बाईंना दाखवलेली ओळख.

सुंदराने मान वर न करता विचारलं, "बाई, त्यो पोरगा येतो का क्लासला?"

"अक्षय? रोज येतो."

"रोज," सुंदरा म्हणाली. मग पदराला हात पुसले. "तुमी फळ्यावर आमची नावं लिवा. ह्यांचं नि माझं. फूल तसंच ऱ्हाऊ द्या. खोटं व्हनार नाय."

नामाचा हात बुटाच्या नाडीवरच थांबला. "काय बोलतीस?"

"खरं त्येच बोलते. बाई, देवीच्या जत्रंत ह्यांनी कमानीच्या तोरणातला झेंडू तोडून मला दिलेला. मी नववीत, हे धावीत. पोरांनी बघितलं, माझ्या बापाच्या कानावर गेलं. पुढं लगीन बी ह्यांच्याशीच लावलं. चांगलं झालं, माझी तक्रार नाय. पन फूल दिलं ह्यांनी, नि शाळा सुटली माझी."

जागृती आईकडे बघतच राहिली. आईला शाळेची गोडी नव्हती म्हणून ती घरी बसली, असंच तिला आजवर सांगितलं होतं. सांगणारी आईच होती.

समीक्षाला उठून जावंसं वाटलं. आपण कोणाच्या घरातलं काय उकरून काढलं, म्हणून तिचा जीव कानकोंडा झाला. नामाने दुसरा बूट काढला, दोन्ही भिंतीला नीट लावून ठेवले.

"उद्यापास्नं क्लासला जायचं," तो जागृतीला म्हणाला.

"आन् लोकं, बाबा?"

"लोकं तवा बी व्हती." तो जागृतीशी बोलत होता, पण बघत होता सुंदराकडे. "मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो व्हतो. मला कुनी काय इचारलं बी नाय."