पाकोळीचा दगड

"कोणाकडे जायचंय?" गेटवरच्या वॉचमननं विचारलं.

"घोडीकडे," हिराबाई म्हणाल्या.

वॉचमननं अनिरुद्धकडे पाहिलं. अनिरुद्ध सवयीप्रमाणे आईच्या वतीनं ओशाळला आणि समजावू लागला, की ही जमीन पूर्वी आमची होती, इथं आमच्या घराण्याची एक समाधी आहे, आज दसरा म्हणून कर्वेनगरहून आलोय. तेवढ्यात हिराबाई हरभऱ्यांचा डबा सांभाळत आत पोचल्यासुद्धा होत्या.

पुण्याजवळच्या मांजरी गावातला हा उसाचा मळा विकला तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती, समाधी हलवायची नाही. बिल्डरनं शब्द पाळला. समाधी होती तिथंच राहिली, फक्त आता तिच्या एका बाजूला जनरेटर होता आणि दुसऱ्या बाजूला पाहुण्यांच्या गाड्या.

समाधी पाकोळीची. पाकोळी ही दत्तोबांची घोडी, आणि दत्तोबा म्हणजे हिराबाईंच्या सासऱ्यांचे आजोबा. इंग्रजांच्या रिसाल्यात स्वार होते. अफगाणांशी झालेल्या लढाईत मांडीत गोळी घुसून ते घोडीच्या मानेवर कोसळले, त्यांची शुद्ध गेली, आणि हाकणारं कोणी नसताना ही बया त्यांना घेऊन बरोबर छावणीत आली. दत्तोबा तेव्हा बिनलग्नाचे होते. लग्न, पोरंबाळं, मळा, सगळं त्यानंतरचं. घोडी म्हातारी होऊन गेली तेव्हा त्यांनी तिला घरच्या माणसासारखं पुरलं, तिचं चित्र कोरलेला दगड वर बसवला आणि नेम घालून दिला. दसऱ्याला आधी पाकोळीला भिजवलेले हरभरे, मग घरातली पानं. नवी सूनसुद्धा उंबरा ओलांडायच्या आधी इथं आणायची. हिराबाईंनी सासरी पहिला नमस्कार केला तो घोडीला. सासूबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण त्यांनीही तेच केलं होतं.

गुडघ्यांपायी हिराबाईंचे मागचे दोन दसरे चुकले होते. अनिरुद्ध एकटा यायचा प्रश्नच नव्हता, असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नाही. त्यामुळे दगडासमोर आल्यावर दोघंही जागच्या जागी थबकले.

दगडाला शेंदूर फासलेला. वर पत्र्याचं छप्पर, झेंडूचं तोरण, घंटा. पाचसहा बायका निरांजन घेऊन उभ्या होत्या.

"या ना आजी, दर्शन घ्या," त्यांतली एक, दीपाली, म्हणाली. ती वर्ध्याकडची, नवऱ्याच्या नोकरीसाठी इथं आलेली. "घोडोबा आहे. फार जागृत आहे."

हिराबाईंना आधी हसू आलं आणि मग एकदम डोळेच भरून आले. आपण दोन वर्षं फिरकलो नाही आणि या परक्या पोरी हिच्यापुढे रोज दिवा लावताहेत. यांचे उपकार कसे फेडायचे, त्यांना कळेना.

"आई, हे बरोबर नाही," अनिरुद्ध कानाशी कुजबुजला. "त्यांना खरं सांगायला हवं."

सोसायटीचे चेअरमन वैजनाथराव मोबाइल हातात धरून तिथंच उभे होते. त्यांचा चेहरा काही भाविकाचा नव्हता.

"आजी, आपण इथल्या जुन्या दिसता. एकदाच काय ते सांगा. हा दगड काढला तर दोन गाड्या आरामात बसतात. जेसीबीवाल्याला उद्याचं बोलवायचंय. मी म्हणतो दगड आहे, या म्हणतात देव आहे. देव असेल तर आपली काही तक्रार नाही. हे आहे तरी काय?"

अनिरुद्धनं तोंड उघडलं. हिराबाईंनी त्याचा दंड असा दाबला की ते मिटलं.

पण बोलायचं काय? घोडीची कबर म्हटलं तर उद्या इथं खड्डा. देव म्हटलं तर सणासुदीला, तेही तिच्यासमोर, धडधडीत खोटं. सबंध घराणं जिच्या जिवावर उभं राहिलं तिला एका शब्दानं वाचवायचं होतं आणि तो शब्द काही सापडत नव्हता.

"घोडोबा नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "बाई आहे ती. पाकोळी."

"देवी होय!" दीपालीनं पटकन हात जोडले. "आणि कशाला पावते हो?"

हिराबाईंनी क्षणभर दगडाकडे पाहिलं.

"बाहेर गेलेलं माणूस घरी आणून सोडते."

दीपालीचा नवरा रोज मोटारसायकलवरून हिंजवडीला जायचा, सगळं शहर ओलांडून. कोणाचा मुलगा परदेशात होता, कोणाचा भाऊ सीमेवर. कोणीतरी हलकेच घंटा वाजवली.

वैजनाथराव मात्र पुण्याचे.

"म्हणायला काय जातंय?" ते म्हणाले. "आजवर आणलंय का कोणाला? एक तरी नाव सांगा."

मोबाइलवर त्यांचा अंगठा तयारच होता.

हिराबाईंनी पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, घामाघूम झालेल्या अनिरुद्धला दंडाला धरून पुढं ओढलं.

"हा काय," त्या म्हणाल्या, "याला आणलंय."