हरबाला भूल चढेना

"काका, झोप येतेय का?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चौथ्यांदा विचारलं.

"छे! तुमचं औषध पाणचट दिसतंय," टेबलावरचा हरबा हसला आणि लगेच कळवळला. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं.

दाराशी उभी असलेली त्याची बायको सगुणा पुटपुटली, "आम्ही बायकांनी गावातल्या झाडून साऱ्या नवऱ्यांना इंजेक्शन टोचून आणलंय. त्यानं यकृताच्या पेशींतली, औषधं न् विषं निकामी करणारी आंतर्द्रव्यजालिका एवढी फोफावते, की चढायच्या आत दारूचं पाणी होतं."

"भुलीचंही तेच झालं, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता जागेपणीच कापावं लागणार. धरायला चौघांना बोलवा."

गावातले चार नवरे आले. त्यांनी हरबाचे हातपाय घट्ट आवळले. सुरी टेकली तेव्हा हरबाकडे मात्र कुणीच बघेना. जो तो आपल्याच पोटाकडे बघत होता.