सुभाषची पोटगी

सुभाष जिना चढून वर येईपर्यंत जगनने अर्ज पुन्हा एकदा वाचून घेतला.

वकिलांनी तो सुभाषच्या नावाने लिहिला होता. घटस्फोटित पत्नी प्रमिला आता दुसऱ्या पुरुषासोबत राहते, सबब पोटगी बंद करावी. तो दुसरा पुरुष म्हणजे खुद्द जगनच. असला अर्ज स्वतःच्या खर्चाने करून घेणारा माणूस पनवेलच्या कोर्टाने अजून पाहिलेला नाही, असं म्हणून वकील पोटभर हसले होते.

जगनला मात्र हसू येत नव्हतं. प्रमिलावर त्याचा जीव होता. लग्नाचं विचारलं की ती "बघू की" म्हणून विषय बदलायची. लग्न केलं की पोटगी बंद होते, हे त्याला ठाऊक होतं. पण तिचं ब्लाउज शिवायचं काम बरं चालायचं, पैशांची नड नव्हती. म्हणजे तिला पैसा सोडवत नाही की सुभाष, या विचाराने बिचाऱ्याचं डोकं उठलं होतं.

प्रमिला मासळी बाजारात गेलेली पाहूनच त्याने ही वेळ साधली होती.

सुभाष आला, दर महिन्यासारखाच इस्त्रीच्या शर्टात. लकवा मारल्यापासून त्याचा डावा हात लुळा पडला होता आणि तो उरणला बहिणीकडे, पनवेलच्या बाजारात मासळी विकणाऱ्या जिजाकडे राहत होता. उजव्या हाताने त्याने खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले.

जगनने त्याला पाणी दिलं आणि अर्ज पुढे केला. घर आता मी चालवतो, कायदाही तुमच्याच बाजूने आहे, इथे फक्त सही करा, असं तो जमेल तितक्या नरमाईने म्हणाला.

सुभाषने अर्ज सावकाश वाचला आणि परत दिला.

"सही नाय करनार, जगनभाऊ."

"अहो, तुमचं काम सुटलं. मग ही ओढाताण कशाला?"

"ओढाताण नाय. कलंबोलीचा गोदामवाला शेठ देवमानूस हाय. मी घरी बसलो तरी पगार देतो, जिजाच्या हाती पाठवतो." सुभाषने टेबलावरचे पैसे जगनकडे सरकवले. "मी प्रमिलाला लय तरास दिला, भाऊ. हितं पैसे ठेवतो तवा वाटतं, आपून अजून कुनाच्या तरी उपयोगी हाय. तेवढं काढून नको घेऊ."

  जगनने अर्ज फाडला, सुभाषला एसटी स्टँडवर नेलं आणि उरणच्या गाडीत खिडकीजवळ बसवून दिलं.

तिथून तो मासळी बाजाराकडे वळला. यापुढे लग्नाचा तगादा लावायचा नाही, तिला वाटेल तेव्हा वाटेल. पोटगी राहू दे, सुभाषही राहू दे. हे प्रमिलाला आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं.

ती जिजाच्या पाटीसमोर उकिडवी बसली होती. जगन मागे येऊन उभा राहिला तरी दोघींचं लक्ष नव्हतं. प्रमिलाने कमरेचा बटवा सोडला आणि नोटांची घडी जिजाच्या मुठीत कोंबली.

"पुढच्या महिन्याचे," ती म्हणाली. "शेठनंच पाठवले म्हणून सांग."