पान उलटा

मुलगी घडाघडा वाचत होती आणि बाई सारख्या दाराकडे बघत होत्या.

वर्गाच्या दारात तिचा बाप उभा होता, इस्त्रीवाला. त्याचा स्वतःचा अक्षरांशी छत्तीसचा आकडा. कपड्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या शेजाऱ्याकडून वाचून घेऊन तो विटला होता. पोरीला वाचता आलं की शाळा पुरे, हे त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आज तो तिला न्यायलाच आला होता.

"...आणि चिमणी भुर्रकन उडाली. पान उलटा."

बाईंनी कपाळाला हात लावला. 'पान उलटा' पुस्तकात नव्हतं. वर्ग खच्चून भरलेला. बाई एक ओळ म्हणायच्या, पोरं मागून ओरडायची, पान संपलं की बाईच सांगायच्या, पान उलटा. पोरीने तेही गिळलं होतं.

"तिला वाचता येत नाही हो," बाई काकुळतीने म्हणाल्या. "नुसतं पाठ झालंय. अजून वर्षभर ठेवा. मी जवळ बसवून शिकवते."

"पोर सोडवत नाही म्हणून मला वेड्यात काढता होय?" बाप हसला.

बाईंनी पुस्तक ओढून शेवटचा धडा उघडला. "हा वाच."

मुलीने बोट ठेवलं. चिमणीनंतर नदी. "नदी खळखळ वाहते..."

"बघा! हा नदीचा नाही, सुताराचा धडा आहे!" बाईंचा आवाज चिरकला.

"कुणाचा का असेना. अडली का कुठे?" बापाने हात जोडले. "तुमचेच उपकार, बाई." आणि पोरीचं दप्तर उचललं.

वर्ग तसाच टाकून बाई फाटकापर्यंत धावल्या. तिथे बाप थांबलाच होता. कौतुकाने त्याने खांद्यावरच्या गाठोड्यातून एक सदरा काढला, त्याची चिठ्ठी सोडवून पोरीच्या हातात दिली.

"बोल, कुणाचा हा?"

मुलीने चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि बाईंकडे पाहिलं. बाई आधी म्हणणार, मग आपण.

नाव बाईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"वाच ना गं," बाप म्हणाला.

मुलगी वाट पाहत राहिली. मग अगदी बाईंच्या सुरात म्हणाली, "पान उलटा," आणि तिने चिठ्ठी उलटली.

मागची बाजू कोरी होती.