कंसाचा चाबूक

लोकांनी बांधकामावर मजुरी करणाऱ्या सुक्रूला पाय धरून ओढत आणलं आणि हत्तीपुढे टाकलं. त्याचा एक डोळा पार मिटला होता, कानातून रक्त येत होतं, तरी वाहत्या गंगेत हात धुणारे काही थांबत नव्हते. जो येईल तो एक लाथ घालून जात होता.

"महाराज, तुमच्या राज्यात चोरी," राइस मिलवाला कुंज साहू खालून म्हणाला. त्याच्या हातात लोखंडी पहार होती. "माझ्या मिलची मोटर पळवली यानं. हुकूम द्या, इथंच निकाल लावतो."

वर अंबारीत कंस बसला होता. धनुयात्रेचे, म्हणजे गावभर चालणाऱ्या कृष्ण-कंसाच्या नाटकाचे, अकरा दिवस अख्खं गाव मथुरा असतं आणि कंसाचा शब्द हाच कायदा. सकाळी ठाणेदारानंसुद्धा हात जोडून त्याला दंड भरला होता. उरलेलं वर्ष हाच कंस बिरंची मेहेर म्हणून हातमागावर संबलपुरी साड्या विणतो. बावीस वर्षं तो कंसाचं काम करत आला. त्याचा चाबूक खऱ्या चामड्याचा, पण आजवर हवेतच वाजलेला. 'आपला कंस नुसत्या डोळ्यांनी मारतो,' असं लोक पाहुण्यांना कौतुकानं सांगत.

बिरंचीनं पहार पाहिली. मुकुट काढून 'अरे, सोडा त्याला' म्हणावं, तर विणकराचं कोण ऐकतंय? ऐकतील तर कंसाचंच. आणि कंस दया दाखवायला लागला, तर तो कंस कसला?

तो हत्तीवरून उतरला. मिशीवरून हात फिरवत त्यानं कुंजला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मथुरेत जीव घ्यायचा हक्क कोणाचा रे, ढेरपोट्या?"

"तुमचा, महाराज."

"मग माझ्या शिकारीवर पहार उगारतोस? आधी कोणाचं डोकं उडवू, याचं की तुझं?"

लोक खदाखदा हसले. कुंजही ओशाळून हसला आणि त्यानं पहार खाली केली.

बिरंची सुक्रूवर वाकला. केस धरून त्यानं त्याला गुडघ्यांवर उठवलं, त्याचा कान आपल्या तोंडाशी आणला आणि पुटपुटला, "दोन फटके बसतील. दुसऱ्याला आडवा पड, हलू नको. जगशील."

पहिल्या फटक्याला सदरा फाटला. दुसऱ्याला सुक्रू किंचाळून कुशीवर कोसळला आणि सांगितल्याप्रमाणे निपचित राहिला. रस्ता चिडीचूप झाला. कुंज दोन पावलं मागे सरला होता. काम झालं होतं. आता 'कोठडीत टाका' एवढंच म्हणायचं होतं.

तेवढ्यात गर्दीतून आरोळी उठली, "कंसमहाराज की जय!" छपरांवरची माणसंही ओरडत होती. एवढी दाद बिरंचीला बावीस वर्षांत मिळाली नव्हती. त्याच्या अंगावर काटा आला. बरं वाटलं त्याला, फार बरं वाटलं. त्यानं चाबूक पुन्हा उचलला आणि अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून हाणला. सुक्रूचा गाल ओठापर्यंत उलला.

"कोठडीत टाका."

देवकी-वसुदेवाची लाकडी गजांची कोठडी मंडपाच्या मागे होती. कंसाच्या शिपायांनी सुक्रूला तिथं आणलं. देवकीचं काम करणाऱ्या रंभानं पदराचा बोळा त्याच्या गालावर दाबून धरला आणि मागच्या वाटेला रिक्षा बोलावली.

"तुम्ही होतात म्हणून जीव वाचला याचा, काका," ती म्हणाली. बिरंची मुकुट काखेत घेऊन उभा होता.

रिक्षात चढता चढता सुक्रू थांबला. तोंडात साचलेलं रक्त थुंकून त्यानं उघड्या डोळ्यानं बिरंचीकडे पाहिलं.

"दोन म्हणाला होतात, महाराज."